चौदा कागद

“पावती आण, मग बोल,” टेकाळे मॅडम खिडकीच्या आतून म्हणाल्या आणि मान वर न करताच त्यांनी पुढचा कागद ओढला.

“मॅडम, फक्त एका दिवसासाठी हवेत. उद्या लातूरला पडताळणी आहे. मूळ कागदपत्रं दाखवली नाहीत तर यादीतून नाव जातं.”

“कॉलेजचा नियम माहितेय ना तुला?”

“हो.”

“मग बाजूला हो. मागे मुली उभ्या आहेत.”

मागे कुणीच नव्हतं. कॉलेजला सुट्टी होती. व्हरांड्यात एक शिपाई कूलरमध्ये पाणी ओतत होता, तेवढाच. पण टेकाळे मॅडमना हे वाक्य बोलायची सवय होती आणि आम्हाला ते ऐकायची. चार वर्षांत त्या खिडकीतून मी दुसरं काही फारसं ऐकलं नव्हतं. मुली त्यांना घाबरायच्या. त्या पस्तिशीच्या असतील, बारीक अंगाच्या, केस घट्ट बांधलेल्या. कपाटाची किल्ली कमरेला नाडीत ओवून खोचलेली. हसताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं.

तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. सोलापूरच्या बाहेर, हायवेला लागून असलेल्या त्या खाजगी कॉलेजातून बीएस्सी नर्सिंग होऊन मला अकरा महिने झाले होते. सरकारी दवाखान्यांत अधिपरिचारिकेच्या जागा निघाल्या, मी परीक्षा दिली आणि यादीत माझं नाव आलं. कांचन ढेंगळे, अनुक्रमांक एकशे सात. बार्शीच्या आडत बाजारात हमाली करणाऱ्या माझ्या आप्पांनी ती यादी सायबर कॅफेत छापून घेतली, चार घड्या करून खिशात ठेवली आणि बाजारातल्या प्रत्येक अडत्याला दाखवली.

पण कागद कॉलेजात अडकले होते. प्रवेश घेताना कॉलेजनं फीचा जो तक्ता दिला, त्यावर बँकेनं चार लाखांचं शैक्षणिक कर्ज मंजूर केलं होतं. तिसऱ्या वर्षी कॉलेजनं फी वाढवली, वर विकास निधी लावला. बँक म्हणाली, मंजूर झालं तेवढंच मिळेल. कॉलेज म्हणालं, शिक्षण थांबवू नकोस, नंतर भर. मी थांबवलं नाही. शेवटची परीक्षा झाली तेव्हा ब्याण्णव हजार बाकी निघाले आणि माझे दहावीपासूनचे सगळे मूळ कागद, नर्सिंगच्या नोंदणीच्या प्रमाणपत्रासकट, एका खाकी पाकिटात ऑफिसच्या लोखंडी कपाटात राहिले. बार्शीत एका डॉक्टरांकडे मी साडेचार हजारांवर काम करत होते, कारण त्यांना झेरॉक्स चालत होती. तेवढ्या पगारात बाकी फिटणं शक्य नव्हतं. बाकी फिटल्याशिवाय कागद नाहीत, कागदांशिवाय सरकारी नोकरी नाही. आणि पुढच्या महिन्यापासून बँकेचा हप्ता सुरू होणार होता.

त्या गुरुवारी मी एकटीच सोलापूरला गेले होते. टेकाळे मॅडमनी बाजूला व्हायला सांगितल्यावर मी सरळ संस्थेच्या सचिवांच्या केबिनमध्ये गेले.

साहेबांनी मला बसायला सांगितलं. पाणी दिलं. चहा मागवला. यादीतलं नाव पाहून अभिनंदनही केलं.

“आमच्या कॉलेजची मुलगी सरकारी सेवेत जातेय, याचा आम्हाला अभिमानच आहे,” ते म्हणाले. “पण बाळा, नियम सगळ्यांना सारखा. तुला आज दिले, की उद्या चाळीस मुली दारात उभ्या राहतील.”

“साहेब, पहिल्या पगारापासून भरते. लिहून देते.”

“लिहून सगळेच देतात.” त्यांनी ड्रॉवरमधून एक छापील फॉर्म काढला. “एक काम कर. ही फायनान्स कंपनी आपल्या मुलींना मदत करते. ब्याण्णव हजार आज संध्याकाळी आपल्या खात्यात येतील, कागद आजच तुझ्या हातात. वडिलांची सही नंतर आणलीस तरी चालेल, आता फक्त तुझी.”

“व्याज किती?”

“महिन्याला तीन टक्के. सरकारी पगार सुरू झाला की काय जड आहे?”

मी पेन हातात घेतलं. आज आठवलं की माझंच मला नवल वाटतं. औषधाच्या डोसाचा हिशेब मी तोंडी करायचे, पण तीन टक्क्यांनी वर्षाला किती होतात ते त्या क्षणी मी मोजलं नाही. मला फक्त उद्याची सकाळ दिसत होती. मी नाव लिहिलं, गावाचं नाव लिहिलं. तेवढ्यात दार उघडून टेकाळे मॅडम फायली घेऊन आत आल्या. त्यांनी फायली टेबलावर ठेवल्या, फॉर्मकडे पाहिलं, माझ्या हातातल्या पेनाकडे पाहिलं.

“साहेब, त्या कंपनीचा माणूस आज यायचा नाही,” त्या म्हणाल्या. “सकाळी फोन आला होता. सोमवारी येतो म्हणाला.”

“मला नाही बोलला तो.”

“ऑफिसच्या फोनवर आला होता.”

साहेबांनी खांदे उडवले. “मग सोमवारी बघू. फॉर्म घेऊन जा, भरून ठेव.”

“सोमवारपर्यंत पडताळणी होऊन जाईल, साहेब.”

“त्यांना मुदत मागून बघ,” असं म्हणून त्यांनी पहिली फाईल उघडली.

मी बाहेर आले. कॉलेजसमोर हायवेपलीकडे एक बसथांबा होता, पत्र्याचं छप्पर आणि खाली सिमेंटचा बाक. तिथं बसून मी तीन बार्शी गाड्या जाऊ दिल्या. घरी जाऊन आप्पांना काय सांगायचं ते सुचत नव्हतं. खिशातली यादी त्यांनी किती जणांना दाखवली असेल, ते मनातल्या मनात मोजत बसले.

साडेपाचला ऑफिस सुटलं. टेकाळे मॅडम रस्ता ओलांडून आल्या आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, “फॉर्म भरलास का?”

“अर्धा.”

“पुरा भरू नको.”

“मग काय करू, मॅडम?”

त्यांनी पर्स उघडली. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं, ते त्यांनी माझ्या मांडीवर ठेवलं. पेपर बाजूला केला तर आत माझं खाकी पाकीट. वर त्यांच्याच अक्षरात माझं नाव.

“चौदा कागद आहेत. मोजून घे.”

मी दोनदा मोजले.

“शनिवारी अकराला साहेब कपाट उघडून सगळी पाकिटं यादीशी ताडून बघतात. महिन्याचा पहिला शनिवार. त्याच्या आधी हे मला परत पाहिजे. दहापर्यंत ये. तू कुठं सही केलेली नाहीस, मी तुला काही दिलेलं नाही. समजलं?”

“मॅडम, तुम्ही…”

“तुझी गाडी आली बघ,” त्या म्हणाल्या.

मी गाडीत चढले. तिकीट काढून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की मी त्यांचे आभारही मानले नव्हते.

शुक्रवारी लातूरला काही अडलं नाही. एका मोठ्या हॉलमध्ये टेबलं मांडली होती, आम्ही दोनशे जणी रांगेत. माझ्या पुढची मुलगी झेरॉक्स घेऊन आली होती. “मूळ कुठं आहेत?” असं विचारल्यावर ती रडायला लागली. टेबलावरच्या बाईंनी तिला बाजूला बसायला सांगितलं. माझा नंबर आला. बाईंनी एकेक कागद उलटला, लाल पेनानं चौकटींत खुणा केल्या आणि म्हणाल्या, “ठीक. पुढची.” चार वर्षं आणि चार लाख, आणि ते सगळं तीन मिनिटांत आटोपलं. बाहेर पडताना मी त्या मुलीकडे पाहिलं नाही.

संध्याकाळी घरी पोचले. आप्पा त्या दिवशी लवकर आले होते. त्यांनी पाकीट मागून घेतलं, बाजेवर पंचा पसरला आणि त्यावर चौदाही कागद ओळीनं मांडले. चौथीपर्यंत शिकलेला माणूस. एकेका विषयाचे गुण बोट ठेवून मोठ्यानं वाचत बसला.

“आता ही कागदं घरातनं बाहेर जायची न्हाईत,” सगळं वाचून झाल्यावर ते म्हणाले.

“आप्पा, उद्या परत द्यायचेत. मी सांगितलं ना तुम्हाला.”

“कशापायी? तुझी हायेत. परीक्षा तू दिलीस. आपलीच वस्तू आपण घरी आणली, त्यात चोरी कसली?”

“टेकाळे मॅडमची नोकरी जाईल.”

“तिला म्हणावं, हरवली म्हणून सांग. चार वर्षं त्या खिडकीतनं तिनं आपल्याला काय कमी बोललंय? मागल्या साली मी पाच हजार घेऊन गेलतो, आठवतंय? म्हणाली, एवढ्याची पावती फाडत नाही. सत्तर किलोमीटर तसाच माघारी आलो.”

“नियम होता, आप्पा.”

“फी वाढवायचा नियम कुठं लिवला होता? आधी एक तक्ता देत्यात, मग दुसराच मागत्यात. बँकेत अंगठ्याएवढी सही मी कशी अक्षर अक्षर जुळवून केली, तू बघितलंस. ते कर्ज मी बुडवायचो न्हाई. पै न पै देणार. पण हे ब्याण्णव हजार मी देणं लागत न्हाई. त्यांनी आडवून घेतलेले पैसे हायेत.”

त्यांचा आवाज चढला नव्हता. खरं सांगायचं तर मला त्यांचं पटत होतं. मी कागद गोळा केले, पाकिटात घातले आणि पाकीट माझ्या पेटीत ठेवलं. परत देते असंही बोलले नाही, ठेवते असंही नाही.

शनिवारी सकाळी साडेसहाची सोलापूर गाडी गेली. मी घरात होते. आप्पा बाजारात निघून गेले. साडेसातची गाडी गेली, तेव्हा मी अंघोळ करून केस विंचरत होते. मोबाईल समोर ठेवला होता. मॅडमकडे माझा नंबर होता, फीच्या तगाद्यासाठी कॉलेज आम्हाला फोन करायचं. मी स्वतःशी ठरवलं होतं, की त्यांचा फोन आला तर निघायचं. त्या रागावतील, ओरडतील, मग मीही दोन शब्द बोलेन, आप्पांचे पाच हजार काढेन. आठ वाजले. फोन आला नाही.

आई चुलीपाशी भाकरी थापत होती. काल संध्याकाळपासून ती या विषयावर एक अक्षर बोलली नव्हती.

“त्या बाईच्या घरी कोण कोण असतंय गं?” तिनं विचारलं.

“माहीत नाही.”

“लेकरंबाळं?”

“माहीत नाही, आई.”

“लग्न झालंय का?”

चार वर्षं मी त्या बाईला रोज पाहत होते. त्यांच्याकडून मी पाकीट घेतलं होतं. त्यांचं पहिलं नावसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

आईनं भाकरी उलटली. “न्हाई, सहज इचारलं,” ती म्हणाली.

मी उठले. पेटीतून पाकीट काढलं, तो अर्धा भरलेला फॉर्म काढला, दोन्ही एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातलं आणि चप्पल घातली. आईनं भाकरी फडक्यात बांधून हातात दिली. कुठं चाललीस म्हणून तिनं विचारलं नाही. पावणेनऊची गाडी मिळाली.

वाटेत वैरागला गाडी वीस मिनिटं थांबली. ड्रायव्हर चहा प्यायला उतरला. मी खिडकीतून त्याच्या हातातल्या ग्लासाकडे बघत राहिले. त्या वीस मिनिटांत मी टेकाळे मॅडमना फोन लावायला हवा होता, पण ऑफिसमध्ये साहेब असले तर काय, या भीतीनं लावला नाही. सोलापुरात उतरले तेव्हा अकराला दहा कमी होते. रिक्षा केली, घासाघीस न करता. कॉलेजच्या फाटकात शिरले तेव्हा शिपायानं घड्याळ दाखवलं. अकरा वाजून सतरा मिनिटं.

ऑफिसची खिडकी उघडी होती. आत कपाटाची दोन्ही दारं सताड उघडी. साहेब खुर्ची टाकून कपाटासमोर बसले होते, हातात यादी. ते नाव वाचत होते आणि टेकाळे मॅडम पाकिटावर हात ठेवून “आहे” म्हणत होत्या.

“चव्हाण मेघा.”

“आहे.”

“दळवी स्नेहल.”

“आहे.”

मी खिडकीशी गेले. मॅडमनी मला पाहिलं. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. पण कपाटावरचा हात खाली आला.

“साहेब, ही ढेंगळे परत आलीय,” त्या म्हणाल्या. “रोज येऊन डोकं खाते.”

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. “हां, पडताळणीचं काय झालं?”

“फॉर्म आणलाय, साहेब,” मी म्हणाले. मी फोल्डर खिडकीतून आत सरकवला. वर फॉर्म, खाली पाकीट.

टेकाळे मॅडमनी फोल्डर घेतला आणि आमच्याकडे पाठ करून टेबलावर उघडला. कागदांची सळसळ ऐकू आली. मग त्या वळल्या आणि फॉर्म माझ्याकडे भिरकावल्यासारखा टाकला. “वडिलांची सही कुठाय? एवढी शिकलेली मुलगी, फॉर्म पुरा भरता येत नाही? सही आण, मग ये.”

“सोमवारी आण गं,” साहेब म्हणाले आणि पुन्हा यादीत बघू लागले. “ढेंगळे कांचन. ही समोरच उभी आहे. आहे का हिचं?”

“आहे,” पदराआडचं पाकीट कप्प्यात सरकवून त्यावर हात ठेवत मॅडम म्हणाल्या.

“देशपांडे अनघा.”

“आहे.”

मी वळले आणि चालायला लागले. फाटकाबाहेर आल्यावर रस्त्याच्या कडेला बसून आईनं दिलेली भाकरी खाल्ली. इतकी भूक मला आयुष्यात लागली नव्हती. फॉर्म तिथंच फाडून टाकला.

संध्याकाळी मी आप्पांना सांगितलं. दोन दिवस ते माझ्याशी तुटकच वागले. तिसऱ्या दिवशी बाजारातून येताना कलिंगड घेऊन आले, कापलं आणि पहिली फोड मला दिली. त्यावर पुन्हा कधी बोलणं झालं नाही.

नोव्हेंबरात नेमणुकीचा हुकूम आला. उस्मानाबादच्या जिल्हा रुग्णालयात मी रुजू झाले. पडताळणी झालेली असल्यामुळे तिथं पुन्हा मूळ कागद कुणी मागितले नाहीत. पगारातून आधी बँकेचा हप्ता जायचा, मग कॉलेजची बाकी. बँकेचं कर्ज पुढं सात वर्षं चाललं. त्या काळात मी नवी साडी घेतली नाही असं काही मी सांगणार नाही, घेतल्या. पण महिन्याच्या पाच तारखेला फोनवर पैसे कापल्याचा मेसेज येईपर्यंत मी त्या पगाराला आपला म्हणत नसे. कॉलेजची बाकी विलंब शुल्क धरून एक लाख सात हजारांवर गेली होती, ती चौदा महिन्यांत फिटली.

शेवटचा हप्ता भरायला मी जानेवारीत सोलापूरला गेले. खिडकीत टेकाळे मॅडमच होत्या. केसांत दोन-चार पांढरे दिसत होते. त्यांनी पैसे मोजून घेतले, पावती फाडली, शिक्का मारला.

“आत ये,” त्या म्हणाल्या.

इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच त्या ऑफिसच्या आत पाऊल टाकलं. मॅडमनी कपाट उघडलं, माझं पाकीट काढून टेबलावर ठेवलं आणि एक जाडजूड वही पुढं केली. वहीत रकाने होते. नाव, तारीख, देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही. मी सही केली. त्यांनी केली.

“मॅडम, एक सांगायचं होतं,” मी म्हणाले. “त्या शनिवारी मी येणार नव्हते. दोन गाड्या मी मुद्दाम सोडल्या.”

“हं,” त्या म्हणाल्या. “मला तसं वाटलंच होतं.”

“मग फोन का नाही केलात?”

“नंबर काढून समोर ठेवला होता. सकाळपासून चार वेळा फोन उचलला. मग म्हटलं, धाक घालूनच परत आणवायचं होतं तर दिलं कशाला?”

“साहेबांना कळलं असतं तर?”

“तर घरी बसले असते.” त्यांनी वही मिटली. “तुझ्या नावाच्या अगोदर बारा नावं होती. प्रत्येक नाव मी सावकाश घेत होते, एवढंच.”

नजर दुसरीकडे वळवायची म्हणून मी कपाटाकडे पाहिलं. सगळ्यात खालच्या कप्प्यात जुनी पाकिटं होती, कडा पिवळ्या पडलेली. त्यांतल्या सगळ्यात पुढच्या पाकिटावर निळ्या शाईनं लिहिलं होतं: हेमलता मधुकर टेकाळे, जीएनएम, १९९९.

“हे…”

“माझंच,” त्या म्हणाल्या.

“तुम्ही नर्सिंग केलंय?”

“इथंच. तेव्हा कॉलेज नव्हतं, शाळा होती. दोन पत्र्याच्या खोल्या.” त्या खुर्चीवर बसल्या आणि मलाही बस म्हणाल्या. “माझे सोळा हजार राहिले होते. वडील दुसऱ्या वर्षीच गेले. मला सरकारी बोलावणं आलं होतं, सोलापूरच्याच दवाखान्यात पडताळणी होती. इथून चार किलोमीटर. या खिडकीत तेव्हा एक कुलकर्णी म्हणून गृहस्थ बसायचे, भला माणूस. ते म्हणाले, पोरी, मला द्यावंसं वाटतं, पण माझी नोकरी आहे. मला राग नाही आला त्यांचा. मग साहेबांचे वडील होते तेव्हा, ते म्हणाले, ऑफिसात काम कर, पगारातून फेड. खाजगी दवाखाने तेव्हा बाराशे द्यायचे. इथं अठराशे. बसले.”

“आणि बाकी?”

“फिटली. दोन हजार चार साली.”

“मग पाकीट अजून इथं का, मॅडम? किल्ली तर तुमच्याकडेच आहे.”

“पुढच्या भरतीपर्यंत वय गेलं. मग काढून काय करायचं होतं? आई पहिली काही वर्षं विचारायची, आणलेस का कागद? मी म्हणायचे, आणते. पुढं तिनं विचारायचं सोडून दिलं.”

त्या अगदी साध्या आवाजात बोलत होत्या, जसं कुणी दुसऱ्याच्या फायलीबद्दल सांगावं. बाहेर कुणीतरी खिडकीशी येऊन उभं राहिलं. त्यांनी हातानंच थांबायला सांगितलं.

“आमच्याकडे कंत्राटी जागा निघतात,” मी म्हणाले. “आरोग्य अभियानातल्या. त्यांची वयाची अट वेगळी असते. तुमची नोंदणी नव्यानं करून घ्यावी लागेल, सहा महिने कुठंतरी हात बसवावा लागेल. मी सगळं चौकशी करून कळवते. तुमचं वय…”

“सदतीस.”

“बसतं, मॅडम.”

त्यांनी मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून, मला कळलं नाही. “सुई टोचायलासुद्धा विसरले असेन मी,” त्या म्हणाल्या.

“ते हाताला आठवतं.”

त्या उठल्या. मला वाटलं, कपाट बंद करायला. पण त्या खाली वाकल्या, जुन्या पाकिटांच्या गठ्ठ्यातून आपलं पाकीट ओढून काढलं आणि पदरानं त्यावरची धूळ पुसली. मग वही पुन्हा उघडली. माझ्या नावाखालच्या ओळीत त्यांनी आपलं पूर्ण नाव लिहिलं, तारीख लिहिली. देणाऱ्याच्या रकान्यात सही केली. पेन थोडा वेळ कागदावर तसंच धरलं. मग घेणाऱ्याच्या रकान्यात सही केली. एकाच हातच्या दोन सह्या, शेजारीशेजारी.

आत किती कागद आहेत ते त्यांनी मोजलं नाही. पाकीट पर्समध्ये घातलं, पर्सची चेन लावली आणि ती मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी धरून बसल्या.

“नोकरीचं नंतर बघू,” त्या म्हणाल्या. “आज आधी घरी नेऊन आईला दाखवते. तिनं अजून बघितलेच नाहीत.”